आक्कांच्या तबकडीवर निवडलेली सुई

माझ्या रेकॉर्ड प्लेअरला कोणती कार्ट्रिज बसवायची हे मी शेजारच्या आक्कांच्या नवऱ्याच्या आवाजावर ठरवलं, आणि ठरवता ठरवता तो आवाज पुसून टाकला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको त्या वेळी भिंतीपलीकडे स्वयंपाक करत होती, तिलाही नाही.

अडचण अशी झाली आहे की या विषयात आता माझं नाव झालंय. अंबाजोगाईहून, कड्याहून कुणी कुणी येतं. घरात वडिलांच्या वेळच्या तबकड्या निघाल्या, ऐकाव्या वाटतात, सुई कुठली घेऊ, असं विचारतं. मी चहा सांगतो आणि सगळं समजावून देतो. कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणतो, करून करून कळलं. ते खोटं नाही. कशावर करून, हे कुणी विचारत नाही.

माजलगावात आमचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर घर, समोर कारखान्याकडं जाणारा रस्ता. माझा शाळेपासूनचा एक मित्र लाऊडस्पीकरवाला. तरुणपणी लग्नसराईत मी त्याच्याबरोबर हौसेनं गावोगाव जायचो. मांडवाच्या कोपऱ्यात प्लेअरपाशी बसायचं, तबकड्या बदलायच्या, एवढंच माझं काम. पोरं नाचायला लागली की जमीन हलायची आणि सुई उडायची. मग दांडीच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचं. तरीही उडाली तर आठ आण्याचं. तबकडी झिजते वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. वरात थांबली नाही म्हणजे झालं.

पुढं कॅसेटी आल्या आणि मित्रानं तबकड्यांची पेटी माझ्याकडं आणून टाकली. "घे बे. जागा अडवायलीय नुसती." तिथून मला हा नाद लागला. आम्ही चाळिशीत आलो होतो. बाहेरचा माल उघडपणे मिळायला लागला होता. आधी असलं काही पाहिजे असेल तर कुणाचा तरी मेहुणा आखातातून यायची वाट बघायची. आता मुंबईच्या दुकानात काचेत मांडलेलं दिसायचं. कापडाच्या खरेदीला गेलो की मी त्या काचेपुढं उभा राहायचो. तिथल्याच जुन्या बाजारातून एक प्लेअर आणला. दांडीचं डोकं काढता-घालता येणारा, जुन्या-नव्या तबकड्यांच्या तिन्ही वेगांवर फिरणारा.

कार्ट्रिज म्हणजे त्या दांडीच्या टोकाची, बोटाच्या पेराएवढी डबी. सुई तिच्यातच असते. प्लेअरबरोबर आलेली कार्ट्रिज जुन्या धाटणीची होती: आवाज दणदणीत, पण तबकडीवर जड बसणारी. तिला एक खटका होता. एकीकडं फिरवला की बारीक सुई, दुसरीकडं फिरवला की जुन्या तबकड्यांसाठीची जाड सुई. मला मात्र चुंबकाची कार्ट्रिज हवी होती. ती हलकी बसते, बारीकसारीक सगळं ऐकवते. पण तिच्यातून निघणारा आवाज इतका क्षीण, की अँप्लिफायरला नुसती जोडली तर कान लावून बसावं लागतं. म्हणून मधे एक डबा लागतो. तो आवाज वाढवतो आणि तबकडी कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज परत भरून देतो. त्याला फोनो स्टेज म्हणतात.

मी दोन कार्ट्रिज आणल्या. एकीच्या सुईचं टोक गोल, दुसरीचं लांबट. डबेही दोन झाले, एक मुंबईचा, बाहेरून आलेला, आणि एक औरंगाबादला जुळवून घेतलेला. घरात एवढं सामान बघून बायकोनं कपाटाची एक फळी मोकळी करून दिली. मित्र बोलला.

"सुईसाठी मुंबईला गेलता म्हणं. तुझ्याच दुकानात रुपयाला पाकीट लावलंय की बे."

"ही सुई येगळी हाय."

"येगळी म्हंजे? हिच्यावर गाणं येगळं वाजतंय का?"

"तू ऐक तर."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. "गाणं तेच हाय. फकस्त गाणारा पोटभर जेवून बसल्यागत वाटायलाय."

दोन सुया, दोन डबे, म्हणजे जुळण्या चार. कोणती जुळणी खरी हे मला ठरवायचं होतं आणि ते ठरेना. चांगल्या तबकडीवर चारही चांगल्याच वाजायच्या. फरक कळायला अशी काहीतरी तबकडी पाहिजे होती, की जिच्यात ऐकू यायला अवघड असं काही असेल.

त्याच दिवसांत आक्का दुकानात आल्या.

आक्का बाजूच्या गल्लीत, आमच्या खिडकीसमोर राहायच्या, आमच्याच समाजातल्या. त्यांचे यजमान मोंढ्यातल्या धान्याच्या अडतीवर मुनीम होते. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. लेक उमापूरला दिलेली, ती आता आईला कायमची घेऊन जाणार होती. आक्का माझ्या आईच्या वयाच्या, आणि मला लहानपणापासून आप्पा म्हणायच्या.

"आप्पा, तुझ्याकडं तबकडी वाजती म्हणं."

"वाजती की आक्का. कावून?"

त्यांनी पदराखालून कापडी पिशवी काढली. आत बशीएवढी एक तबकडी होती. पत्र्याची, वर काळा थर, मधल्या कागदावर फिकटलेली उर्दू अक्षरं. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर त्या हैदराबादला गेल्या होत्या. तिथल्या प्रदर्शनात एक माणूस मशीन घेऊन बसलेला. त्याच्यापुढं बोलायचं, की तो तिथल्या तिथं तबकडी कापून हातात द्यायचा. जगात तिची दुसरी प्रत नाही.

"तिथंच एकदा लावून दाखवली त्यानं," आक्का म्हणाल्या. "म्या लाजंनं पदर तोंडावर घेतलता. शेवटाला हे कायतरी बोलले, ते गर्दीत बोलताना बी ऐकू आलं न्हाई, लावल्यावर बी न्हाई. घरी आल्यावर इचारलं तर म्हनायचे, आपला तबकडीचा बाजा घेऊ तवा ऐक. बाजा काय घेतला न्हाई."

"एवढी वर्षं तशीच?"

"ट्रंकंत होती, लुगड्यांच्या खाली. तेवढं शेवटचं ऐकव. मंग मी उमापूरला जायला मोकळी."

त्याच वेळी त्यांना वर नेऊन, खटका फिरवून जाड सुईनं ती एकदा लावली असती आणि शेजारी टेपचं बटण दाबलं असतं, तर सगळं चहा व्हायच्या आत उरकलं असतं. टेप घरात होता, कोरी कॅसेट दुकानाच्या गल्ल्यात होती. मी म्हणालो, "आक्का, जुन्या सुईनं खराब होईल. नवीन लावायलोय. थोडं थांबा."

"थांबते की. आता काय घाई हाय."

त्या वेळी हे मी खरंच त्यांच्या भल्यासाठी बोललो होतो. मला तसं निदान आठवतं.

पहिल्यांदा तबकडी लावली ती आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारी. आधी खरखर. मग प्रदर्शनातल्या त्या माणसाचा आवाज: "बाई, नाम बोलो, नाम!" मग शांतता आणि बांगड्यांची किणकिण. मग एक तरुण पुरुष हसून म्हणाला, "ती न्हाई घ्यायची नाव. दोघांचं मीच घेतो." आणि त्यानं आधी स्वतःचं, मग तिचं नाव घेतलं, पुरं, आडनावासकट. त्या काळात आमच्याकडं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. आक्कांना नावानं हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती. त्यांना नाव आहे हेच मला त्या दुपारी कळलं. पुढं तिनं अर्धी ओवी म्हटली, मधेच अडली, तो खोकला. मशीनवाला म्हणाला, "बस, खतम." आणि त्याच्यानंतर, तोंड मशीनपासून बाजूला नेऊन, नवरा तिला हळूच काहीतरी बोलला. ते शब्द खरखरीत बुडाले होते.

मला जे पाहिजे होतं ते सापडलं. ज्या जुळणीत ते शेवटचं वाक्य स्वच्छ ऐकू येईल, ती जुळणी खरी.

तिथून पुढं ती तबकडी आक्कांची राहिली नाही, माझी कसोटी झाली. बांगड्यांवरून मी वरचे सूर जोखायचो, त्याच्या खोकल्यावरून खर्ज. लांबट टोकाच्या सुईनं बांगड्या किती ते मोजता यावं इतकं स्वच्छ ऐकू यायचं. दुकानात आलेल्या नव्या साडीचं सूत बघावं तसं मी ते कौतुकानं ऐकत बसायचो. औरंगाबादच्या डब्यात सारखी घुंऽऽ ऐकू यायची. ती घालवायला मी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला आणि रोज बादलीभर पाणी ओतायला लागलो.

"तुळशीला घालायला पानी न्हाई," बायको म्हणाली, "अन् तुमी तारंला पाजायलात."

आक्का समोरच्या ओट्यावरून विचारायच्या, "आली का रं तुझी सुई?"

"आली आक्का. बसवायलोय."

"कापडवाल्यालाच सुईला एवढा येळ लागाय लागला, तर लोकांनी कापड शिवावं कवा?"

गल्ली हसायची. मीही हसायचो.

कारखान्याचा हंगाम सुरू होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर घरासमोरून जायचे, जमीन हादरायची आणि नेमक्या त्या शेवटच्या वाक्यापाशी सुई उडायची. मी खिशातून चार आणे काढून दांडीच्या डोक्यावर ठेवले. काही विचार केला नाही. हात मांडवातल्या सवयीनं गेला. माझ्या पिढीच्या, आमच्या भागातल्या कुणाही लाऊडस्पीकरवाल्यानं तेच केलं असतं. पण ती मांडवातली कडक तबकडी नव्हती. त्या पत्र्यावरचा थर मऊ होता. आणि कार्ट्रिज ज्या वजनावर चालवायची, त्याच्या दुपटीहून जास्त त्या एका नाण्यानं झालं.

शिवाय तबकडी जुन्या वेगाची, जाड खाचेची. माझ्या दोन्ही नव्या सुया बारीक खाचेच्या. जाड खाचेत बारीक सुई तळाला जाऊन घासते. हे मला फार पुढं कळलं, असं म्हणायला मला आवडलं असतं. कार्ट्रिजच्या पाकिटात घडी घातलेला कागद होता, त्यावर दोन्ही खाचांचं चित्र होतं, आणि ते चित्र मी पाहिलेलं होतं. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून घडी परत घातली होती.

मग बांगड्या मंद झाल्या. मला वाटलं कार्ट्रिज ढिली बसलीय. काढून दुसरी लावली. तीही मंद. मग डब्यावर संशय आला, डबा बदलला. तारा बदलल्या. म्हणजे तबकडीतून जे जात होतं, ते मी यंत्रात शोधत होतो, आणि शोधायला म्हणून तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावत होतो. एका दुपारी दांडी उचलली तर सुईच्या टोकाला केसासारखा काळा धागा लोंबत होता. बोटावर घेतला. तो मऊ होता. धूळ अशी नसते, हे कापडाच्या माणसाला कळतं. मला कळलं. मी फुंकर मारून तो उडवला आणि सुई परत ठेवली.

हे मी आज लिहितोय म्हणून अवघड वाटतंय. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मुंबईचा डबा आणि गोल टोकाची सुई अशी जुळणी लावली. बांगड्या आता नव्हत्याच. पण खोकला झाला, "बस, खतम" झालं, आणि त्याच्यामागून ते वाक्य आलं. सगळं. एकेक शब्द. इतकं जवळ, की मी मागं वळून बघितलं. परत लावलं, परत आलं. 

आक्का त्या वेळी समोर ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. हाक मारली असती तर त्या जिना चढून आल्या असत्या. निदान टेपचं बटण दाबायला हवं होतं. पण मला खात्री करायची होती. लांबट टोकाच्या सुईनंही हे एवढंच स्वच्छ येतं का, हे बघितल्याशिवाय ठरवलं कसं म्हणायचं? मी दांडीचं डोकं बदललं. बाहेर ट्रॅक्टर यायला लागला होता. नाणं ठेवलं आणि लावलं.

वाक्य आलं नाही. गोल सुई परत लावली. तरीही नाही. कढईत तीळ तडतडावेत तसा नुसता आवाज आणि त्याच्यामागं कुणीतरी माणूस आहे असा भास. तबकडीवर शेवटाकडं एक पांढुरकी रेघ पडली होती, पत्रा उघडा पडल्यासारखी.

मी आणखी आठवडाभर आक्कांना टाळलं. मग त्याच आल्या. जायचा दिवस ठरला होता. ठेवणीतलं लुगडं नेसून, हात-पाय धुऊन, देवळात जावं तशा त्या जिना चढून आल्या. मी खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसल्या. बायकोनं चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला. ऐकून झाल्यावर घेते म्हणाल्या.

मी ती लावली. खरखर सुरू झाली, चालत राहिली, संपली.

"हे काय रं, आप्पा?"

मी दांडी जागेवर ठेवली. ती ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नसतं तर मी कदाचित खरं बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. पण त्या बघत होत्या, आणि माझ्या तोंडून दुकानदार बोलला. रोज गिऱ्हाइकाला सांगायचं ते वाक्य तयार होतं.

"आक्का, ट्रंकंत डांबराच्या गोळ्या टाकत होता का?"

"टाकत होते की. लुगड्याला कसर लागती म्हणून."

"त्यांनीच झालं. गोळ्यांनी थर खाऊन टाकला."

त्यांनी तबकडी उचलून पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "म्हंजे म्याच केलं म्हनायचं. हे म्हनायचे बी, लई टाकू नको, वास येतो." तबकडी पिशवीत घालून त्यांनी मलाच धीर दिला. "तू कशाला तोंड पाडतो? तू सुई आनलीस एवढी." चहा त्यांनी घेतला नाही. निवला होता, आणि गरम करून देते म्हटलं तर नको म्हणाल्या.

कोणती जुळणी निवडली ते सांगायला हवं. गोल टोकाची सुई, मुंबईचा डबा. अजून तीच वापरतो. उत्तम वाजते. आलेल्या माणसाला मी गोल टोकच सुचवतो. आमच्याकडच्या धुळीत, वापरलेल्या तबकड्यांवर तेच निभतं. जुन्या वेगाच्या तबकडीला वेगळी जाड सुई घ्या म्हणतो, नाणं ठेवू नका म्हणतो, आणि घरातलं एकुलतं एक काही असेल तर ऐकायच्या आधी टेपवर घ्या, असं दोनदा म्हणतो. लोक मान डोलावतात. फार खोल अभ्यास आहे यांचा, असं एकानं जिन्यात म्हटलेलं मी ऐकलं.

मागच्या वर्षी गेवराईकडं एका लग्नाला गेलतो. परतताना उमापूरला आक्कांकडं थांबलो. त्या थकल्यात, पण बोलणं तसंच आहे. लेक आतून पाणी घेऊन आली आणि हसत तक्रार सांगायला लागली.

"भाऊ, तुमीच सांगा हिला. माझ्या दोन पैठण्या कसरीनं खाल्ल्या. घरात डांबर गोळी आणू देत न्हाई. आणली की उचलून उकिरड्यावर टाकती."

"खाऊ दे पैठन्या," आक्का म्हणाल्या. "पैठनी परत मिळती."

लेक आत गेल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या. मग अगदी सहज, भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं, "आप्पा, काय बोलले असतील रं हे शेवटाला? तुला काय वाटतं?"

मला वाटायचा प्रश्न नव्हता. मला ते पाठ आहे. त्यांच्या नवऱ्याचा आवाज, कुठल्या शब्दावर तो हसला, कुठं श्वास घेतला, सगळं. ते तोंडात आलं होतं. पण ते सांगायचं तर मी कधी ऐकलं, कितीदा ऐकलं, आणि मग ते गेलं कशानं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "काय की आक्का. देवाला ठाऊक."

"व्हय. देवालाच," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी जेवण सांगायला आत गेल्या. मी जेवलो. नको म्हणायलाही तोंड नव्हतं.

ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. त्यात मोठं काही नाही. घरातलं, साधं बोलणं आहे. पण ते त्यांचं आहे आणि त्यांच्या आधी आणखी कुणाला द्यायचा मला अधिकार नाही. एकदा मी स्वतः त्यांच्या आधी घेतलं तेवढं पुरे.

आक्कांचं मी अजून देणं लागतो. गोळ्यांनी काही झालं नव्हतं, मी केलं, हे त्यांच्या समोर बसून सांगणं. आणि त्यानंतर, त्यांनी मला बसू दिलं तर, ते वाक्य त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवणं. दोन्ही मी अजून केलेलं नाही.